घारापुरीचा हत्ती, मुक्काम भायखळा

राणीच्या बागेत सुट्टीच्या दिवशी गेलात तर कुठे जायचं ते तुम्हाला ठरवावं लागत नाही, गर्दीच तुम्हाला पेंग्विनकडे ढकलत नेते. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि बागेची सगळी रहदारीच बदलली. त्या रहदारीपासून थोडं बाजूला, भाऊ दाजी लाड संग्रहालयालगतच्या हिरवळीवर, एक दगडी हत्ती उभा असतो. त्याच्यासाठी म्हणून कोणी येत नाही. मागच्या खेपेला एक आजी नातवाला घेऊन त्याच्यासमोर जरा टेकल्या होत्या. नातू म्हणाला, "हा तुटलाय." आजी म्हणाल्या, "तुटला नाही रे, जुना आहे." दोघांचंही बरोबर होतं.

घारापुरी बेटाला एलिफंटा हे नाव ज्या हत्तीवरून पडलं, तोच हा. स्थानिक इतिहासाच्या वर्गाला मी दरवर्षी हे एकच प्रकरण देते, कारण संग्रहालय आणि समाज यांच्यातले बहुतेक अडचणीचे प्रश्न या एका दगडात सापडतात. हत्तीने एका बेटाला नाव दिलं, पण हत्ती बेटावर नाही. तो ज्या शहरात आहे त्या शहरात त्याला कोणी ओळखत नाही. बेटावरच्या लोकांनी ते नाव कधी आपलं मानलं नाही, आणि जगाला मात्र तेच माहीत आहे. मग 'आपला सामायिक वारसा' असं जेव्हा आपण भाषणात म्हणतो, तेव्हा यात सामायिक काय आहे?

नाव कोणाचं

गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, म्हणजे एका अर्थी तो मुंबईचा भाडेकरू. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. वनस्पतींच्या गप्पांमध्येच तो इकडच्या देवळांकडे वळतो आणि सांगतो की सगळ्यांत उत्तम देऊळ 'पोरी' नावाच्या बेटावर आहे, त्याला आम्ही हत्तीचं बेट म्हणतो. वर्गात मी या वाक्यावर नेहमी थांबते. 'पोरी' म्हणजे घारापुरीतली पुरी. गावाचं नाव आणि परक्याने ठेवलेलं नाव एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसली आहेत, आणि लिहिणाऱ्याला दोन्ही माहीत आहेत. पुढच्या साडेचारशे वर्षांत पहिलं नाव मागे पडत गेलं.

नाव ठेवण्याचं कारण साधं होतं. गलबतं तेव्हा बेटाच्या दक्षिण अंगाच्या धक्क्याला लागत. उतरलं की उजव्या हाताला, दोन-अडीचशे यार्डांवर, काळ्या पाषाणातला हत्ती दिसे. लांबी सुमारे १३ फूट, उंची सव्वासात फुटांच्या आसपास. खऱ्या हत्तीपेक्षा लहानच, पण उघड्या टेकडीवर समुद्राकडून येणाऱ्याला तो मोठाच वाटत असणार. त्याच्या पाठीवर आणखी एक प्राणी कोरलेला होता. त्याबद्दल जुन्या प्रवाशांचं एकमत नाही, कोणाला हत्तीचं पिल्लू दिसलं तर कोणाला वाघ. दगड झिजला की बघणारा आपल्या मनातलं जनावर त्यात भरतो.

आज शेतबंदराच्या धक्क्याला लाँच लागते, तिथून छोट्या रुळावरच्या गाडीने किंवा पायी पायऱ्यांपर्यंत जायचं आणि वर चढायचं. हत्तीची जागा त्या वाटेवर येत नाही. म्हणजे ज्या वळणावर नाव पडलं ते वळणच आता प्रवासात नाही. धक्का बदलला की स्मृती कशी बदलते, याचं इतकं साधं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पोर्तुगिजांनी या बेटावरून आणखी एक गोष्ट नेली, ती इथे सांगायलाच हवी. लेण्याच्या दाराशी एक शिलालेख होता. दियोगो द कौतो या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की तो दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, कारण इथे तो कोणाला वाचता आला नाही. तिथेही कोणाला वाचता आला नाही, आणि पुढे तो हरवला. एवढ्या भव्य लेण्याचा निर्माता कोण, हे आजही आपण नाणी आणि शैलीवरून अंदाजाने ठरवतो. सहाव्या शतकाचा मध्य, बहुधा कलचुरी राजे, असं म्हणतो. तो दगड जागेवर राहिला असता तर 'बहुधा' म्हणावं लागलं नसतं. वस्तू जागेवरून हलली की नुकसान वस्तूचंच होतं असं नाही, कधी कधी पूर्ण बेटाची ओळखपत्रिका जाते. हत्ती त्या मानाने नशीबवान. तो निदान मुंबईतच राहिला.

क्रेन कोणाच्या कामाची

हत्तीची गोष्ट सहसा अशी सांगतात: १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडून फुटला, आणि तुकडे मग व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, आणले. फिरवणारे गाइड हेच सांगतात, लेखांमध्ये हेच येतं. गोष्ट छान आहे. लोभी साहेब, तुटलेली क्रेन, वाचलेला वारसा. मुलांना लगेच कळते.

पण १८७१ साली घारापुरीवर स्वतंत्र पुस्तक काढणाऱ्या जेम्स बर्जेस यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की ही गोष्ट डळमळते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हत्तीचं डोकं आणि मान सप्टेंबर १८१४ मध्येच गळून पडली होती. त्यानंतर धडही खचत गेलं. म्हणजे पन्नास पावसाळे खाऊन हत्ती आधीच मोडलेला होता. १८६४ मध्ये क्रेनने काय उचललं असेल? फार तर ढिगातले मोठे दगड. क्रेन तुटली असेलही, मी नाही म्हणत नाही. पण पूर्ण उभा हत्ती क्रेनमुळे पडला, हे चित्र काही जुळत नाही.

वर्गात या टप्प्यावर मुलं दोन गटांत विभागली जातात. एक गट म्हणतो, फरक काय पडतो, शेवटी इंग्रजच ना? फरक पडतो. क्रेनची गोष्ट मानली तर नुकसान एका दिवसात, एका खलनायकाच्या हातून झालं. १८१४ची नोंद मानली तर नुकसान पन्नास वर्षं चाललं होतं. पावसाने, वाऱ्याने, आणि कोणी काही न केल्याने. त्या पन्नास वर्षांत सत्ता आधी कंपनीची आणि १८५८ नंतर राणीची होती, हे खरं. पण 'कोणी काही न केल्याने' हे कारण इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेलं नाही, ते अजून इथेच आहे. सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर जाऊन दरवाजाची कमान बघा.

पुढचाही हिशेब पन्नासचाच आहे. १८६४ साली बागेत आलेले तुकडे १९१४ साली कॅडल आणि ह्यूएट या दोघांनी जोडून पुन्हा हत्ती उभा केला. १८१४ला डोकं पडलं, १८६४ला बेट सुटलं, १९१४ला तुकडे जुळले. योगायोगच, पण मुलांना पाठ करायला बरा पडतो, म्हणून मी फळ्यावर तीन साल लिहिते आणि विचारते, मधल्या दोन रिकाम्या पन्नाशींत काय झालं? संग्रहालयाच्या पाटीवर साल लिहिलेलं असतं, रिकामी जागा लिहिलेली नसते.

संग्रहालयाच्या आधी आलेली वस्तू

१८६४ साली तुकडे आले तेव्हा संग्रहालयाची इमारतच पूर्ण नव्हती. पायाभरणी १८६२ची, दरवाजे उघडले २ मे १८७२ला. मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा आला आणि १८६५ला तो बुडालाही. इमारत रखडली त्यामागे हेही एक कारण. म्हणजे हत्ती प्रदर्शनात मांडण्यासाठी आणला असं म्हणायला जागा नाही. तो कुठेतरी ठेवायचा होता, आणि बाग होती.

या संग्रहालयाला फेकलेल्या वस्तूंचा इतिहासही आहे. त्याचा पहिला संग्रह फोर्टातल्या बराकीत होता. १८५७ साली सैन्याला बराक हवी झाली तेव्हा तो अक्षरशः बाहेर टाकला गेला आणि त्यातलं बरंचसं खराब झालं. जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टरांनी उरलेलं गोळा केलं. हत्तीच्या तुकड्यांना इथे जागा मिळण्यामागेही त्यांचाच पुढाकार मानला जातो. डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी शहरातल्या लोकांना या कामामागे उभं केलं. १९७५ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं नाव बदलून भाऊंचं नाव दिलं ते त्यामुळे. नाना इमारत पूर्ण झालेली पाहू शकले नाहीत, ते १८६५ला गेले.

२००३ साली महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन इमारतीचं मोठं काम झालं आणि २००८ साली ती पुन्हा उघडली. त्या कामाला २००५ सालीच युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला होता. आतला रंग, सोनेरी नक्षी, खांब बघून लोक हरखतात, आणि हरखावंच. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईचे नकाशे, होड्यांच्या प्रतिकृती आणि वेगवेगळ्या जातीजमातींच्या मातीच्या मूर्ती आहेत. पागोट्यावरून माणूस ओळखायचा, हा त्या काळचा खाक्या. त्यावर वेगळं प्रकरण होईल. आपला हत्ती बाहेर आहे. पावसात.

शेजारचा घोडा

आता जे सांगणार आहे ते बागेत गेल्याशिवाय लक्षात येत नाही. याच बागेच्या आवारात काळा घोडा आहे. म्हणजे खरा काळा घोडा, प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे तो सातवा एडवर्ड झाला) ब्राँझचा अश्वारूढ पुतळा. आल्बर्ट ससून या उद्योगपतींनी तो १८७९ साली शहराला दिला. १९६५ साली साहेबांचे पुतळे चौकांतून हलवले गेले तेव्हा तो इथे आला. पुतळा गेला, जागेचं नाव राहिलं. 'काळा घोडा' म्हटलं की टॅक्सीवाला अजून बरोबर तिथेच सोडतो.

म्हणजे दोन जागांना नावं देणारी दोन जनावरं, एक हत्ती आणि एक घोडा, एकाच बागेत उभी आहेत. दोघांनाही आपापल्या जागेवरून काढलं गेलं. दोघांचीही नावं मागे राहिली. पण २०१७ साली काळा घोडा असोसिएशनने मूळ जागेच्या परिसरात नवा घोडा उभा केला. त्याच्या पाठीवर कोणी नाही. ही कल्पना मला मनापासून आवडते. राजपुत्र नको, घोडा हवा. लोकांनी इतक्या वर्षांत नावातून राजपुत्र गाळलाच होता, शिल्पानेही तो गाळला.

घारापुरीला असं काही मिळालं नाही. का? काळा घोड्याच्या आजूबाजूला कलादालनं आहेत, दरवर्षी महोत्सव भरतो, वर्गणी काढणारी आणि पत्रव्यवहार करणारी माणसं आहेत. घारापुरी रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं बेट. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या. गेटवेवरून रात्री समोर दिसणाऱ्या या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती २०१८ साली. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. म्हणजे वारसा आधी यादीत गेला आणि त्याखाली राहणाऱ्यांच्या घरात दिवा लागायला पुढे तीस वर्षं लागली. ज्या गावाला विजेसाठी इतकं थांबावं लागलं, ते हत्तीसाठी अर्ज कधी करणार?

परत द्यावा का

या प्रश्नावर वर्गात आवाज चढतात. परत द्या म्हणणाऱ्यांची बाजू सरळ आहे. नाव तिकडचं, दगड तिकडचा, लोक तिकडचे. आणि विलायतेकडे आपण आपल्या वस्तू मागतो, मग भायखळ्याहून घारापुरीला द्यायला काय हरकत? हा मुद्दा मला टाळता येत नाही. बाहेरच्या संग्रहालयांबद्दल आपण जी भाषा वापरतो तीच जिल्ह्याच्या हद्दीवर येऊन मवाळ होते.

तरी माझं मत न हलवण्याच्या बाजूला आहे, आणि कारण भावनेचं नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जोडलेला, त्याआधी पन्नास वर्षं खचत गेलेला बेसॉल्ट आहे हा. त्याला आज परत उचलायचं म्हणजे १८६४च्या गोष्टीतली क्रेन खरी करून दाखवायची. शिवाय समुद्रावरचा खारा वारा त्याच्या सांध्यांना काय करेल? आणि कारभाराचीही गुंतागुंत आहे. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, बाग महापालिकेकडे, बेट दुसऱ्या जिल्ह्यात. तीन टेबलं, तीन शिक्के.

पण 'हलवू नका' म्हणजे 'काहीच करू नका' असं होता कामा नये, कारण तसं झालं तर आपण आणखी एक रिकामी पन्नाशी सुरू करू. वर्गातल्या मुलांनी जे मांडलं त्यातलं मला सगळ्यांत शहाणं वाटलं ते असं. दक्षिणेकडच्या जुन्या धक्क्याजवळ, मूळ जागेवर, हत्तीची मोडलेल्या अवस्थेतली प्रतिकृती ठेवायची. पूर्ण, गुळगुळीत, नवा हत्ती नको. १८१४ नंतरचा, मान गळालेला हत्ती. घोड्यावरून जसा स्वार गाळला तसं इथे काही गाळायचं नाही, उलट जे घडलं ते ठेवायचं. त्यामुळे पर्यटकांची वाट दक्षिणेकडच्या राजबंदराकडेही थोडी वळेल, आणि तिथल्या घरांना चहा-सरबताचा धंदा मिळेल. हे शेवटचं कारण एका मुलीने दिलं, तिचं आजोळ उरणला आहे. वारशाच्या चर्चेत चहाचा धंदा आणला म्हणून कोणी हसलं नाही, हे मला बरं वाटलं.

भायखळ्यात काय करायचं, यावर माझा स्वतःचा आग्रह आहे. जवळ जाऊन बघा, हत्तीच्या अंगावर सांध्यांच्या रेघा आहेत. काही ठिकाणी दगडाचा पोत एका रेषेवर अचानक बदलतो, जणू गोधडीला वेगळं ठिगळ. नातवाला तुटलाय असं वाटलं ते या रेघांमुळेच. तेव्हा खरं प्रदर्शन हत्ती नसून या रेघा आहेत. कुठली १८१४ची, कुठली उचलताना पडलेली, कुठे १९१४ला भर घातली, हे दाखवणारा एक रेखाचित्राचा फलक शेजारी असला तर त्या आजींना 'जुना आहे' यापुढे चार वाक्यं सांगता आली असती. आणि त्या फलकावर पहिला शब्द घारापुरी असावा, एलिफंटा नंतर. ऑर्टाने १५६३ला हाच क्रम ठेवला होता.

वर्गाची सहल नेहमी दोन भागांत असते. आधी राणीची बाग, मग पुढच्या आठवड्यात गेटवेवरून लाँच. बुधवारी बाग बंद, सोमवारी लेणी बंद, ही कसरत सांभाळून. यंदा पायऱ्या चढताना एका दुकानापुढे मुलं थांबली. मऊ दगडाचे जाळीदार हत्ती मांडले होते, पोटात आणखी एक छोटा हत्ती कोरलेला. पाठीवरचा प्राणी पोटात गेला एवढाच फरक, असं मला वाटून गेलं. एका मुलाने विचारलं, "मावशी, हा इथलाच का?"

मावशींनी हत्तीवरची धूळ फडक्याने पुसली. "इथला कुठला, आग्र्याहून येतो माल. इथला मोठा होता तो भायखल्याला नेला ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही बघितलाय का? आम्ही कोणी नाही बघितला."